आत्याबाईंच्या नावावरची बाटली

आमच्या वेळी डॉक्टरला प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा समजत. डॉक्टरनं विचारायचं, आपण जीभ काढून दाखवायची, आणि मनात जे काही असेल ते बाहेर पडल्यावर कंपाउंडरला, टांगेवाल्याला किंवा दवाखान्यासमोरच्या फुटाणेवाल्याला विचारायचं. यांत फुटाणेवाला सगळ्यांत सविस्तर उत्तर द्यायचा, म्हणून लोकांचा विश्वास त्याच्यावर जास्त. कित्येक माणसं डॉक्टरचा कागद घेऊन आधी त्याच्याकडे जात आणि मग औषध घ्यायचं की नाही ते ठरवत.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. सरकार नागपूरला बसायचं आणि आमच्या बार्शीटाकळीकडच्या खेड्यांचा मोठा डॉक्टर अकोल्याला बसायचा. हे डॉक्टर पुण्याकडचे होते. आमची भाषा ऐकली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, जणू आम्ही भांडायलाच आलो आहोत. पण त्यांच्याकडे काचेच्या नळ्या होत्या, स्पिरिटचा दिवा होता, आणि माणसाची लघवी उकळून ते आतला रोग सांगतात ही कीर्ती गावोगाव पोचली होती. त्यामुळे झालं असं की नुसती नाडी पाहून घरी पाठवलेला रोगी बाकावर मान खाली घालून बसायचा. ज्याच्या कागदावर काहीतरी निघालं, तो मात्र पाय पसरून बसायचा.

आमच्या शेजारची पाटलीण असा एक कागद घेऊन आली. त्यानंतर आठच दिवसांत आत्याबाईंच्या छातीत धडधडायला लागलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. या दोन गोष्टींचा संबंध मी आज लावते आहे. तेव्हा लावला असता तर माझी धडगत नव्हती. धडधड झाली, मग चक्कर आली, मग ढेकर सुरू झाले. मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं दमणीला बैल जुंपले.

आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार, झेंडू. सांबार म्हणजे पुण्याकडचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात ती. आठवड्याला माल अकोल्याला जायचाच, तेव्हा त्याच दमणीत आत्याबाई बसल्या आणि त्यांना धरायला मी. मला सहावा महिना लागला होता. पण नऊवारी, वरून पदर, त्यावर आत्याबाईंचं गाठोडं. माझ्याकडे बघायचं कुणाला काही कारण नव्हतं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, छातीला नळी लावली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या आणि म्हणाले, "पुढच्या खेपेला सकाळची पहिली लघवी घेऊन या. स्वच्छ बाटलीत."

घरी आल्यावर आत्याबाईंनी मला गोठ्यात नेलं.

"मी नाई देत," गळ्यातली तुळशीची माळ चिमटीत धरून त्या म्हणाल्या. "माह्या गयात तुयशीची माय हाय. माहं पानी परका मानूस इस्तवावर ठेवीन अन् बाकावरचे लोक पायतीन? तू दे."

"मी?"

"मंग कोन? या घरात सासूचं कोनतं काम सुनेनं नाई केलं?"

"पन आत्याबाई, डागदराले तुमचं पाह्यचं हाय."

"एका चुलीवरचं खातो आपुन, एका विहिरीचं पेतो. तुह्यात अन् माह्यात असा काय फरक पडनार हाय?"

खरं सांगायचं तर मला ते थोडं पटलं. शाळेचं तोंड मी दोन वर्षं पाहिलेलं. अंगातलं पाणी माणसागणिक वेगळं असतं हे मला कुणी सांगितलं होतं?

बाजाराच्या दिवशी पहाटे मी तेलाची बाटली राखेनं घासून, धुऊन, भरून दिली. आत्याबाईंनी ती धुवट फडक्यात गुंडाळली, भाजीच्या टोपलीत मधोमध उभी केली आणि वर सांबार पसरला. अकोल्याच्या वेशीवर चुंगीनाका होता. तिथला कारकून प्रत्येक टोपलीत हात घालायचा. त्याच्या हाताला बाटली लागली.

"हे काय आहे?"

"कौंडण्यपूरचं तीर्थ हाय बाप्पा," आत्याबाई म्हणाल्या. पापणीसुद्धा हलली नाही.

कारकुनानं टोपी काढली, बाटलीला हात लावून तो कपाळाला लावला आणि दमणी सोडली. मामंजी पुढं बसून बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिले. त्यांचं सगळं आयुष्य त्या शेपट्यांकडे बघण्यात गेलं आणि ते सुखात गेलं.

दवाखान्यात अर्धा पडदा होता. पडद्यामागं कंपाउंडर नळी तापवायचा, पण पडदा अर्धाच असल्यानं नळीचा वरचा भाग सगळ्या बाकाला दिसायचा. त्या दिवशी नळीतलं पाणी वर वर पांढरं झालं. कंपाउंडरनं आंबट औषधाचे चार थेंब टाकले, तरी पांढरंच.

"फाटलं!" बाकावरून कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. "अल्ब्युमिन जातंय," ते म्हणाले. मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांना कीव आली असावी. "अंड्यातला पांढरा भाग असतो ना, साधारण तसला पदार्थ लघवीतून जातोय. मूत्रपिंडाचा विकार आहे. अंथरुणातून उठायचं नाही. मीठ बंद, लोणचं बंद. दूध-भात."

आत्याबाईंनी काही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. पण दमणी नाक्याच्या बाहेर पडल्याबरोबर त्या माझ्या कानाशी आल्या.

"तुह्या माहेरी अंडे खातेत काय वं?"

"नाई व आत्याबाई, शपथ."

"मंग माह्या पान्यात अंडं कुठून आलं?"

त्यांनी 'माह्या पान्यात' म्हटलं, ते माझ्या लक्षात आलं. पण तेव्हा मी त्याला फारसं महत्त्व दिलं नाही. पुढचे तीन दिवस त्या माझं ताट आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या या दोन्हींवर नजर ठेवून होत्या.

चौथ्या दिवसापासून त्यांना आजार आवडायला लागला. ओसरीवर खाट टाकली. गावातल्या बायका बघायला येऊ लागल्या. जिनं आपलं पाणी कुणी बघू नये म्हणून मला गोठ्यात नेलं होतं, तीच बाई आता येणाऱ्या प्रत्येकीला ते नळीत कसं फाटलं, किती पांढरं झालं, डॉक्टर कसा गप्प झाला, हे हातवारे करून सांगायची. पाटलिणीच्या कागदावर नुसते जंतू निघाले होते. आमच्याकडे मूत्रपिंड होतं. पाटलीण एकदा आली, अर्धी घटका बसली, आणि पुन्हा आली नाही.

आणि मी? मी पाणी भरत होते, शेण काढत होते, भाजीच्या जुड्या बांधत होते. आत्याबाईंसाठी अळणी दूध-भात वेगळा करायचा आणि बाकीच्यांसाठी ठेचा-भाकर. आमच्या खेड्यात मिरचीच्या ठेच्यात मीठ कमी पडलं तर पुरुष ताटावरून उठत. उरलेलं मी खायचे. दुपारी आत्याबाईंचे पाय चेपायला बसायचे. ठणठणीत पाय होते. माझे मात्र सुजायला लागले होते. आधी संध्याकाळी सुजायचे, मग सकाळीही सूज उतरेना. जोडवी बोटांत रुतली. डोकं ठणकायचं. सकाळी तोंड असं फुगलेलं असायचं की बघायला आलेल्या बायका आत्याबाईंना म्हणायच्या, "सुनेले तुह्या दिवस मानवले व माय! कशी भरून आली!"

मला ठाऊक होतं ते काय होतं. दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळंतपण माहेरी सातव्या महिन्यातच आटोपलं होतं. मूल हाती लागलं नव्हतं. त्याआधी पंधरा दिवस माझे पाय असेच सुजले होते आणि माझी आई 'पोरी, किती छान अंग धरलं' म्हणून मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढत होती.

पंधरा दिवसांनी, दुसऱ्या खेपेलाही बाटली माझीच गेली. या वेळी नळीतलं पांढरं अर्ध्यापर्यंत आलं. डॉक्टरांनी आत्याबाईंना बाकड्यावर निजवलं, पाय दाबून पाहिले, डोळे पाहिले, पाठीवर थापट्या मारल्या. नाडी उत्तम, जीभ स्वच्छ, सूज नाही. त्यांनी पुन्हा नळीकडे पाहिलं, पुन्हा आत्याबाईंकडे पाहिलं. समोर टुणटुणीत बाई आणि हातात मरणाचा कागद, अशा वेळी शिकलेला माणूस कागदावर विश्वास ठेवतो. त्यांनी तसं कागदावर लिहून दिलं आणि डाळही बंद केली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आत्याबाईंच्या खाटेजवळ बसले.

"आत्याबाई, तो कागद माहा हाय."

"काहून?"

"पानी माहं होतं ना."

त्यांनी उशीखालून कागद काढला. वाचता दोघींनाही येत नव्हता, इंग्रजीतला होता. तरी त्यांनी तो नीट उलगडला.

"याच्यावर नाव कोनाचं हाय?"

"तुमचं."

"मंग?"

आणि त्या उताण्या पडून मला आपल्या पायांवरची सूज दाखवू लागल्या. सूज कुठंच नव्हती. पण त्यांना दिसत होती. पंधरा दिवस अळणी भात खाऊन, गावाची सहानुभूती घेऊन, त्या खऱ्याच आजारी झाल्या होत्या. तो आजार आता त्यांच्या नावावर चढला होता आणि मी तो परत मागायला गेले तर मीच चोर ठरत होते.

"अन् मामंजींपुढं हे बोलशीन," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तर या घरात माहं तोंड राह्यनार नाई. समजलं?"

समजलं. मला त्यांचा राग आला होता, पण रागापेक्षा भीती मोठी होती. सातवा महिना लागत होता. आमच्या ह्यांना सांगावं, तर आईपुढं त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. माहेरी निरोप धाडावा, तर आई दृष्ट काढायला येणार. मला एकच माणूस माहीत होता ज्याला याचं उत्तर ठाऊक असेल, आणि त्याला प्रश्न विचारायचा नसतो.

तिसऱ्या खेपेला मामंजीही आत आले, कारण दुखणं वाढलंय म्हटल्यावर पुरुषानं आत असलं पाहिजे. आत्याबाई बाकड्यावर निजल्या. कंपाउंडरनं नळी आणली. आता पांढऱ्याखाली पाणी म्हणायला दोन बोटं उरलं होतं. डॉक्टरांनी मामंजींकडे वळून, "घरात आणखी कोण कर्ती बाई आहे?" असं अशा आवाजात विचारलं की मामंजींच्या हातातली टोपी खाली पडली.

मी दाराशी उभी होते. मला माझाच आवाज ऐकू आला.

"डागदरसाहेब, एक पुसू काय?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. बाकावरच्या माणसांनी माना वळवल्या. फुटाणेवालासुद्धा दारात येऊन उभा राहिला, कारण विचारणं हा त्याचा प्रांत होता.

"हेच पानी एखाद्या गरवार बाईचं असतं, सातव्या मयन्यातल्या, तर काय झालं असतं?"

"गरोदर बाईचं?" डॉक्टर म्हणाले. "तर मी तिला इथून घरीसुद्धा जाऊ दिलं नसतं. आजच्या गाडीनं अमरावतीला जनाना दवाखान्यात पाठवलं असतं. असल्या बाईला झटके येतात. मूल जातं. पुष्कळदा बाईही जाते." मग ते चष्मा काढून म्हणाले, "का? कुणाचं म्हणतेस?"

मी खाली मान घातली. सांगितलं तर मामंजींसमोर आत्याबाईंची लाज जाणार होती. न सांगितलं तर काय होणार ते आत्ताच सांगून झालं होतं. मला वाटतं, आणखी थोडा वेळ गेला असता तर मी सांगितलं असतं. पण खात्रीनं म्हणत नाही. इतकी वर्षं झाली, अजून म्हणत नाही.

आत्याबाई बाकड्यावर उठून बसल्या.

"थे पानी इचं हाय," त्या म्हणाल्या. "तीनही खेपा इचंच होतं. मले लाज वाटली म्हून मी इचं आनलं."

डॉक्टर लाल झाले. त्यांनी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरनं स्पिरिटच्या दिव्याकडे पाहिलं. "अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुमी पुसलं काय?" आत्याबाई खाली उतरल्या. "तीन खेपा झाल्या. माही नाडी पायली, जीभ पायली, मी चांगली हाय थे तुमाले दिसलं. तरी तुमी त्या काचीच्या नयीचंच आयकलं! अन् ही इथं दारात उभी होती, इच्या तोंडाकडं पाह्यलं काय तुमी एकदा तरी?"

पुण्याकडच्या माणसाला एवढं सरळ बोलणं पहिल्यांदाच ऐकावं लागलं असेल. पण त्यांनी मला बसवलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावर तिथं खळगा पडला, आणि तो भरेचना. सगळा बाक उठून बघायला आला. मामंजींनी टोपी उचलून डोक्यावर घातली, पुन्हा काढली. आत्याबाई त्या खळग्याकडे बघत राहिल्या. वीस-बावीस दिवस मी त्यांचे पाय चेपले होते, त्यांनी माझे पाय त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. त्या दवाखान्यात इतके प्रश्न एका दिवसात कुणी विचारले नसतील. झटका येतो म्हणजे आधी काय होते? डोकं दुखलं तर समजाचं काय? भाकरीतलं मीठबी बंद काय? कुशीवर निजू द्यावं का उताणी? गाडीत हिसके बसतीन त्याचं काय? इचं पयलं गेलं थेबी याच्यानंच काय? डॉक्टर एकेकाचं उत्तर देत होते आणि या पहिल्या मुलाच्या प्रश्नाला 'असेल' म्हणाले. आत्याबाईंनी त्यावर एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारायला सुरुवात केली. शेवटी डॉक्टरांनी अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंच्या नावे इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. आत्याबाईंनी त्यांनाच ती वाचून मराठीत सांगायला लावलं आणि मगच पदरात बांधली.

भाजीची टोपली मामंजींच्या हवाली करून आम्ही त्याच दिवशी गाडी धरली. बडनेऱ्याला उतरलो, तिथून अमरावती. जनाना दवाखान्यात रोग्यापाशी एका बाईला राहायची परवानगी होती. माझी आई दोनदा येऊन गेली, पण जागा आत्याबाईंनी सोडली नाही. रोज सकाळी माझी बाटली त्या उघडी, दोन बोटांत धरून, साऱ्या वॉर्डातून तपासणीच्या खोलीत न्यायच्या आणि नळी तापेपर्यंत हलायच्या नाहीत. "कालच्यापक्षा कमी हाय का जास्त?" आठव्या दिवशी नर्सा त्यांना बघून दुसऱ्या दारानं जायला लागल्या. डॉक्टरीणबाईंना हे बघून हसू आलं असावं. त्यांनी आत्याबाईंचीही तपासणी करवली. या वेळी बाटली त्यांची स्वतःचीच होती. काहीही निघालं नाही. आत्याबाईंनी सकाळचं नीट आलं नसेल म्हणून दुपारी पुन्हा दिली. पुन्हा काही नाही. दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत, आणि गावी हे कुणाला सांगायचं नाही अशी मला तंबी दिली. आज सांगते आहे.

मला खाटेवरून उठू देत नव्हते. अळणी जेवण होतं. त्या माझ्याबरोबर तेच जेवायच्या. बाहेरून आणून खा, असं मी म्हटलं की म्हणायच्या, "मले सवय हाय." ती सवय त्यांना कशी लागली हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

आठवा महिना सरता सरता माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून पारा वर चढताना पाहिला आणि आता थांबता येणार नाही म्हणाल्या. मला आतल्या खोलीत नेलं. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. कुणीतरी माझे हात धरले होते, तोंडात फडकं गुंडाळलेला फळीचा तुकडा होता, जीभ चावली जाऊ नये म्हणून. मग दुपार बरीच उतरल्यावर एक रडणं ऐकू आलं, इतकं बारीक की ते माझ्याच पोरीचं आहे हे कळायला वेळ लागला.

डॉक्टरीणबाई दार उघडून बाहेर गेल्या. दार अर्धं उघडंच राहिलं.

"बाई, नात झाली तुम्हाला. अशक्त आहे, पण आम्ही—"

"थे मंग सांगा," आत्याबाईंचा आवाज आला. तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. "पयले माही सून कशी हाय थे सांगा. मीच तिले इतके दिवस राबवलं, बाई. ती जिती हाय ना?"

त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी गेला, असं मी म्हणणार नाही. पुढं तीस वर्षं प्रत्येक भांडणात मी ती बाटली काढली आणि प्रत्येक वेळी त्या गप्प बसल्या. पण त्या क्षणी मला रडू फुटलं. डॉक्टरीणबाई त्यांना काय उत्तर देतात याची वाट बघायला माझ्यात धीर नव्हता. तोंडातला फळीचा तुकडा कधीच काढलेला होता. होती नव्हती तेवढी ताकद लावून मी आतूनच ओरडले, "आत्याबाई, मी हाय!"